पाटीवरचा ओला पंजा

किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या वडाखाली गाडी लावून आम्ही चहा टाकला होता. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली, गाडीच्या दारापाशी थांबली आणि चोळीची बाही वर सारून हात पुढे करून उभी राहिली.

"काय हवंय आजी?" मी विचारलं.

"बीपी बघा. मागल्या येळेला वर व्हता."

गाडी माझ्या मित्राची. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं त्याने मोटारहोम करून घेतलं आहे. आत दोघांना झोपता येईल एवढा पलंग, एक शेगडी, हातभर रुंदीचं बेसिन, छतावर पाण्याची टाकी. बाहेरून पांढरी, मधून निळा पट्टा. मुरबाडपासून लोक आम्हाला फिरता दवाखाना समजत होते. सरळगावला एकाने तर डोळे तपासायचा नंबर किती वाजता लागेल असं विचारलं होतं.

बायकोने आजीला आत बसवलं, चहा दिला. "आजी, आम्ही डॉक्टर नाही हो. नुसते फिरतोय."

"नुसते? येवढी गाडी घेऊन?"

"हो."

"घरदार नाय का तुमाला?"

"आहे की. कल्याणला."

आजीने बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे बघितलं. घरदार असताना बायकोला असं रस्त्यावर राहायला लावणारा हा माणूस काय असेल, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. चहा संपल्यावर ती म्हणाली, "फिरताच हाय तर रसवालीकडं जा. लिंबाचा रस करते. पुढं डाव्या हाताला पत्र्याची शेड दिसल. लोकं गाड्या घेऊन येतात तिच्याकडं."

"जाऊ या?" बायको लगेच म्हणाली.

मला जायचं नव्हतं. उशीर होईल म्हणालो. शहापूरला डिझेल घ्यायचंय म्हणालो. ती हसली. "पाच दिवस सुट्टी घेतलीय आणि उशीर कसला? शाळेतल्या पोरांना दाखवायला फोटो तरी काढते."

ती शाळेत विज्ञान शिकवते. आणि मला लिंबाच्या वाटेला जायचं नव्हतं, त्याचं कारण मी तिला सव्वीस वर्षांत सांगितलेलं नव्हतं.

ते कारण आधी सांगतो.

आमचं लग्न बघून, ठरवून झालं. तिच्या घरच्यांनी आम्हाला गॅलरीत अर्धा तास बोलायला दिलं होतं. मी पगार, बदली, आवडीनिवडी असं काहीबाही बोलत होतो. तिने एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे बाहेर बसतात का?" म्हणजे पाळीचे चार दिवस बाईने कशाला शिवायचं नाही, वेगळ्या चटईवर बसायचं, वेगळं ताट घ्यायचं, हे तुमच्या घरी आहे का. मी म्हणालो, "नाही. आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत."

हे पूर्ण खरं नव्हतं. आई पाळायची. पण मी घरी जाऊन आईला सांगितलं, की हे आता बंद, मी शब्द दिलाय. आई दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "तुझा संसार. पण काही वाईट झालं तर मला सांगू नकोस." आणि खरंच बंद झालं. लग्नानंतरचे सहा महिने आमच्या दोन खोल्यांत बायको सगळीकडे वावरली, स्वैपाक केला, देवाला दिवा लावला. आई मान फिरवायची, पण बोलायची नाही.

त्या वर्षी आईने तिच्या माहेरच्या झाडाच्या लिंबांचं लोणचं घातलं. आईच्या लोणच्याचं सगळ्या नात्यात नाव होतं. चिनीमातीची मोठी बरणी, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, रोज खिडकीतल्या उन्हात असायची आणि संध्याकाळी आत यायची. एका रविवारी दुपारी दोघी झोपल्या होत्या. मी दहीभात घेतला आणि लोणचं हवंसं वाटलं. चमचा नळाखाली धुतला, झटकला आणि बरणीत घातला. फोड छान मुरली होती, म्हणून पुन्हा घातला. दुसऱ्या वेळी चमच्यावरून पाण्याचा थेंब खाराच्या कडेला पडताना मला दिसला. लोणच्याला पाणी चालत नाही हे मला पाचवीपासून माहीत होतं. मी फडकं पुन्हा बांधलं आणि ताट धुवायला टाकलं.

दोन आठवड्यांनी आईने बरणी उघडली आणि आत पांढरी बुरशी. सगळीकडे नव्हती, कडेला होती, मी चमचा घातला होता त्याच बाजूला. आईने बायकोला हाक मारली.

"तू हात लावला होतास बरणीला?"

"हो आई. उन्हातून आत मीच ठेवायचे."

"त्या दिवसांतसुद्धा?"

ती खोटं बोलली असती तर चाललं असतं. पण ती म्हणाली, "हो."

मी दारात उभा होतो. हातात वर्तमानपत्र होतं. आईने माझ्याकडे बघितलं, "सांगितलं होतं मी," एवढंच म्हणाली. मी वर्तमानपत्राची घडी घातली. माझ्या मनात वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. ते तिथेच थांबलं, कारण आईच्या डोळ्यांत लोणचं गेल्याचं दुःख होतं आणि ते माझ्या नावावर यावं असं मला वाटत नव्हतं. इतकं साधं कारण. त्याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधत आलो आणि मला सापडलं नाही.

त्या महिन्यापासून बायको बाहेर बसायला लागली. भांडण झालं नाही. आई रडली, शेजारच्या काकू येऊन समजावून गेल्या, मी गप्प होतो, आणि माझं गप्प राहणं पाहून तीही गप्प झाली. शाळेत चाळीस मुलांच्या वह्या तपासून यायची आणि घरी आल्यावर तिला पाण्याच्या पिंपाला हात लावता यायचा नाही. मी तिच्या पेल्यात वरून चहा ओतायचो. ती माझ्याकडे न बघता पेला धरायची.

मुलगी झाली, मोठी झाली. तेराव्या वर्षी तिची पाळी सुरू झाली तेव्हा आजीने तिलाही चटई दाखवली. मुलीने चटई गुंडाळून दाराबाहेर फेकली. पण ती आजीवर चिडली नाही. स्वतःच्या आईला म्हणाली, "तू बसलीस म्हणून मला सांगतात. तू कधी तोंड उघडलं नाहीस." पुढच्या वर्षी माझ्या आईचा खुबा मोडला. तिला उठवायला, पुसायला, भरवायला बायकोचेच हात लागायला लागले, आणि पाळणं कोणी काही न म्हणता संपलं. चार वर्षांपूर्वी आई गेली, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. मुलगी आता पुण्याला नोकरी करते. तिच्या आईशी प्रेमाने बोलते. पण काही निर्णय घ्यायचा असला की म्हणते, "मी तुझ्यासारखी गप्प बसणार नाही हं," आणि बायको हसून विषय बदलते.

आणि लोणचं. बायको सगळं करते, पापड, मुरांबा, कुरडया. लोणचं मात्र विकत आणते. कुणी विचारलं तर म्हणते, "माझ्या हाताला लोणचं लाभत नाही." वर्गात ती मुलांना ओल्या पावावर बुरशी कशी येते ते दाखवते, आणि घरी येऊन हे वाक्य म्हणते. दरवर्षी एक-दोनदा तरी मला ते ऐकावं लागतं.

तर मला थांबायचं नव्हतं. पण पत्र्याची शेड आली आणि तिने, "हीच, हीच," म्हणून माझ्या खांद्याला हात लावला.

घर रस्त्यापासून थोडं आत होतं. भात निघून गेलेली खाचरं, लांबवर कुणीतरी पालापाचोळा टाकून भाजत असलेल्या राबाचा धूर, घरामागे लिंबाची तीसेक झाडं. गाडी अंगणात शिरताच एक तिशीची बाई बाहेर आली. अंगात मॅक्सी, खांद्यावर ओढणी.

"आई, दवाखाना आला गो!"

आतून आवाज आला, "सांग आमी बरे हाव!"

मागोमाग आवाजाची मालकीण आली. साठीची, काष्टा घातलेली, डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. हीच रसवाली, आणि मॅक्सीवाली तिची सून. बायकोने आम्ही कोण ते सांगितलं आणि रस कसा करतात ते बघता येईल का विचारलं. रसवालीला आनंद झाला. "बघा की. बघायला काय लागतं? आज मालक खोके घेऊन शहापूरला गेलेत, आमी दोघीच हाव. तुमी आलात तर बोलायला तरी होईल. हिचं बोलणं ऐकून माझे कान किटले."

"आणि माझे नाय किटले?" सून म्हणाली.

शेडच्या पुढच्या भागात लिंबं सावलीत फडक्यांवर पसरली होती. पहाटे तोडायची, धुवायची, पूर्ण कोरडी होईपर्यंत हात लावायचा नाही. मग कापायची, तीही आडवी. दोन फळ्यांमध्ये अर्धं लिंबू धरून दाबायचं साधं यंत्र होतं. रसवालीने एक दाबून दाखवलं आणि साल लगेच टोपलीत टाकली. सालीत अजून रस दिसत होता.

"पुन्हा नाही दाबायचं?" बायकोने विचारलं.

"एकदाच. दोनदा दाबलं की सालीतलं तेल उतरतं, रस कडू व्हतो. पयल्या दाबात जेवढा येतो तेवढा आपला. बाकी गुरांचा बी नाय, ती बी खात नाय."

बायको हसली. ती वाकून वास घेत होती, फोटो काढत होती, प्रश्न विचारत होती. तिला इतकं मोकळं झालेलं मी या सहलीत पहिल्यांदाच पाहत होतो.

मागे पाक कढवून रसात मिसळायची आणि बाटल्या भरायची वेगळी खोली होती. दाराशी खिळ्याला शाळेची जुनी पाटी टांगलेली, लाकडी चौकटीची, काळी कुळकुळीत.

"आत येयाचं तर आधी पाटीवर पंजा," रसवाली म्हणाली आणि स्वतःच्या हाताचा तळवा पाटीवर दाबून उचलला. पाटी तशीच कोरडी. "हात वल्ला आसल तर छाप उमटतो. वल्ल्या हाताला आत प्रवेश नाय. कच्च्या पाण्याचा एक थेंब गेला की आख्खा घाणा फुकट. मग ती मी आसू दे नायतर कलेक्टर."

सुनेने हात ठेवला. काही नाही. बायकोने बांगड्या मागे सारून हात ठेवला. काही नाही. दोघी आत गेल्या.

मी हात ठेवला. उचलला तर पाटीवर माझा पंजा, पाचही बोटं, काळ्यावर काळा, ओला.

"पुसा," रसवालीने फडकं दिलं. मी पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा छाप. माझ्या तळहातांना लहानपणापासून घाम येतो, घाबरलो की जास्त. तिसऱ्यांदाही छाप आला.

आतून सून ओरडली, "आई, भाऊंना बाहेरच बसवा!"

"बसा दादा," रसवाली म्हणाली, "राग मानू नका. आमच्या मालकांना बी वर्षातून चार दिवसच आत घेते."

ती आत गेली आणि मी दाराबाहेर पाटावर बसलो. दाराला डासांची जाळी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. बायको विचारत होती, ही पाटी कुठून सुचली.

"सांगू का आई?" सून म्हणाली.

"मी नको बोलले तर तू थांबणार हायस का?"

"पयल्या वर्षीची गोष्ट. साठ बाटल्या भरल्या. आठवड्यानी भर दुपारी टपाटप बुचं उडायला लागली. सासरे झोपलेले, ते उठून पळाले, बोलले वरात आली. सगळा रस फसफसलेला. आणि आई मला बोलल्या, तू शिवलीस, तुझे दिवस व्हते. मला नेऊन पडवीत बसवली. सगळ्या गावाला कळलं, हिच्यामुळं रस गेला."

"मग?"

"मग दुसरा घाणा केला. तेवा मी माहेरी, मुरबाडकडं, भावाच्या हळदीला. आणि त्या बाटल्या बी उडाल्या! मी आले आणि आईंना बोलले, आता कुणी शिवलं? मी मुरबाडवरनं हात लांब केला का?"

बायको मोठ्याने हसली. रसवाली पण हसत होती. "बोलते आता. तेवा रडत व्हती."

"रडणारच. मग शोधलं तर बाटल्या धुवून वल्ल्या गोणीवर पालथ्या घालायचो आमी. गोणीचं पाणी चढायचं."

"कोण घालायचं? खरं सांग."

"तुमी घालायच्या!"

"हां. मीच." रसवालीचा आवाज जरा खाली आला. "मग मी बचत गटाच्या मीटिंगला सगळ्या बायांच्या म्होरं उभी राहिले आणि बोलले, हिचा काय दोष नाय, माझी चूक. जिथं नाव घालवलं तिथंच उभं राहून सांगायला लागतं ना. आणि त्या दिवशी ही पाटी बांधली. रोज पयला पंजा माझा."

मी पाटावर बसून ऐकत होतो. समोर पाटीवरचा माझा तिसरा छाप अजून पूर्ण वाळला नव्हता, अंगठ्याकडून कमी होत चालला होता.

थोड्या वेळाने तिघी सरबताचे पेले घेऊन बाहेर आल्या. बायकोच्या हातांना लिंबाचा वास येत होता, चेहरा खुलला होता. ती सहज, गमतीने म्हणाली, "मावशी, मला कामाला ठेवू नका हं. माझ्या हाताला लोणचं लाभत नाही. लग्नाच्या वर्षी सासूबाईंची आख्खी बरणी गेली माझ्यामुळे."

"काय झालेलं?"

"बुरशी आली. लिंबाचंच होतं."

"कुठं आलेली? सगळीकडं का एका कडंला?"

बायको पेला ओठाशी नेता नेता थांबली. हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नव्हता. आई तिला तो विचारणार नव्हती, मी विचारू शकत नव्हतो, आणि तिने स्वतःलाही विचारला नसावा. "एका कडेला," ती आठवून म्हणाली. "हो, फडक्याची गाठ होती त्या बाजूला."

"मग वल्ला चमचा," रसवालीने निकाल दिला. "हातानी शिवून बुरा येत नाय. आणि आला तर कडंला कशाला थांबेल? कुणीतरी वल्ला चमचा घातला. घरात कोण कोण व्हतं?"

"सासूबाई, मी आणि..."

मला इथे असं लिहायला आवडलं असतं, की मी आपणहून बोललो. तसं झालं नाही. मोजायला एकच माणूस उरला होता, आणि तिघीही माझ्याकडे बघत होत्या.

"मी घातला होता," मी म्हणालो. "रविवारी. थेंब पडताना मला दिसला होता."

सून म्हणाली, "भाऊ, आमच्या आईंनी तीन आठवड्यांत कबूल केलं. तुमाला किती लागली?"

"सव्वीस वर्षं."

"अगो बाय," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

बायको माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वर्गात मागच्या बाकावरचा, कधी लक्षात न आलेला मुलगा उठून उभा राहिला तर बघावं तसं. तिने पेला खाली ठेवला. रसवालीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ताई, माझ्या आणखी वीस बाटल्या भरायच्या हायत. येता का?"

बायको उठली. पाटीवर हात ठेवला. पाटी कोरडी राहिली. ती आत गेली.

मी तासभर पाटावर बसून होतो. आतून फक्त बाटल्यांचा आवाज येत होता आणि मधूनच, "आता बूच," "हां, आसं," एवढंच. या वेळी मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं आणि उठायलाही सांगितलं नाही. मी गाडीत जाऊन बसू शकलो असतो. ते बरं दिसलं नसतं असं वाटलं, आणि नंतर वाटलं, बरं दिसण्याचाच विचार मी अजून करतोय.

निघताना रसवालीने बायकोला लिंबांची पिशवी दिली, चांगली पाच-सहा किलोंची, पैसे घेतले नाहीत. "वीस बाटल्या भरल्यात तुमी. एक बी उडणार नाय. लिहून घ्या." मला ती म्हणाली, "सावकाश चालवा दादा." सुनेने गाडीला हात केला.

पहिली दहा मिनिटं बायको खिडकीतून बाहेर बघत होती. पिशवी तिच्या मांडीवर होती. रस्त्याच्या कडेला पळस फुलला होता, दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने गाडी थांबवायला लावली असती.

"गॅलरीत तुम्ही मला काय सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत."

"मला तीन स्थळं आली होती. एकाचा बंगला होता. मी त्या एका वाक्यावर तुम्हाला हो म्हटलं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"चालवत राहा. बरणी गेली त्याचं मला काही नाही. आईंनी मला बोल लावला त्याचंही आता नाही, त्यांचा विश्वासच होता तसा, आणि शेवटी त्यांनी माझा हात सोडला नाही. पण तुमचा तर विश्वास नव्हता ना? तुम्हाला माहीत होतं." ती थांबली. "मला वाटायचं, हा माणूस घाबरट आहे, आईपुढे बोलत नाही. मी ते मनाशी मान्य केलं होतं. घाबरट माणसाबरोबर राहता येतं. तुम्ही चहा ओतायचात ना वरून, तेव्हा मला तुमची दया यायची. दया! आणि तुम्हाला माहीत होतं."

मी, "चुकलो," म्हणालो. तो शब्द गाडीच्या आवाजात ऐकूही आला नसावा.

पुढच्या वळणानंतर ती म्हणाली, "मी मुलांना बुरशी शिकवते. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. तरी प्रत्येक वेळी दुकानात लोणच्याची बाटली उचलताना वाटायचं, न जाणो. न जाणो, असेल काहीतरी माझ्या हातात. एवढी शिकलेली मी." मग पर्समधून फोन काढला. "तिला सांगा."

"कुणाला?"

"आपल्या मुलीला. मला सांगून काय होणार? मला तर त्या बाईने शोधून दिलं. तिला वाटतं तिची आई भित्री होती, गप्प बसली. मी बसले, हे खरं. पण का बसले ते तिला अर्धंच माहितीये. त्या बाईने गटाच्या मीटिंगमध्ये सांगितलं. आपली मीटिंग एवढीच, तिघांची."

फोनला रेंज नव्हती. त्या पट्ट्यात ती येते-जाते. बायको फोन हातात धरून बसली, पडद्याकडे बघत. एका चढावर एक रेघ आली आणि गेली. मला मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मी वाक्य जुळवत होतो. तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. आपल्याकडे एक बरणी होती. प्रत्येक वाक्य सुरू करताना मी कुठेतरी आईचं नाव आधी आणत होतो. आजीला वाटायचं, आजीच्या काळात. ते कळलं तेव्हा मी ती सगळी वाक्यं सोडून दिली.

सापगावला भातसेच्या पुलाअलीकडे तिने सांगितलं, "आली. लावा बाजूला."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तिने नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला आणि पुढे समोरच्या फळीवर ठेवला.

"बोला, बोला, फिरते लोक!" मुलगी म्हणाली. "कुठे पोचलात? बाबा, आईला उपाशी ठेवलं नाहीस ना?"

"बाळा," मी म्हणालो, "लग्नाच्या वर्षी लोणच्याच्या बरणीत ओला चमचा मी घातला होता. बुरशी त्याने आली. आजीने आईला बोल लावला तेव्हा मी तिथे उभा होतो आणि गप्प राहिलो. आई त्यामुळे बाहेर बसायला लागली. लग्नाआधी मी तिला शब्द दिला होता की असं होणार नाही. ती गप्प बसली कारण मी गप्प बसलो होतो."

पलीकडे तिच्या ऑफिसातला आवाज येत होता, कुणीतरी खुर्ची सरकवली. मग दार लागल्याचा आवाज झाला.

"आजी असताना का नाही बोललास?"

"हिंमत नव्हती."

"नंतर चार वर्षं?"

"तेव्हाही नव्हती," मी म्हणालो.

"आई आहे तिथे?"

"आहे."

"तिला दे. स्पीकर बंद कर, बाबा. आणि तू खाली उतर."

मी उतरलो. बायको फोन घेऊन मागे पलंगावर जाऊन बसली, तिने आतून दार ओढून घेतलं. मी पुलाच्या कठड्यापाशी गेलो. खाली एक बाई गोधडी दगडावर आपटत होती, आवाज थोडा उशिरा वर येत होता. दोन मोटारसायकलवाले गाडीजवळ थांबले, एकाने विचारलं, "काका, दवाखाना किती वाजेपर्यंत चालू?" मी म्हणालो, आज बंद आहे.

गाडीतून बायकोचा आवाज येत होता, शब्द नाही. आधी ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग बोलायला लागली, थांबून थांबून, मग न थांबता. मी इतकं सलग बोलताना तिला कधी ऐकलं, ते आठवायचा प्रयत्न केला. ऊन कलायला लागलं. गोधडीवाली पिळून, घडी करून निघून गेली. मी हात पँटला पुसले.

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि नाक ओढणीने पुसून झालं होतं. ती पुढच्या सीटवर येऊन बसली, पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. मी आत बसलो.

"शनिवारी येतेय ती," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलायचंय म्हणाली. समोर बसून. मी मध्ये पडणार नाही."

"बरं."

"आईंची बरणी माळ्यावर आहे ना अजून?"

"आहे. मागच्या बाजूला, पाट ठेवलेत त्यामागे."

"काढून द्या घरी गेल्यावर." तिने पिशवीचं तोंड उघडून एक लिंबू बाहेर काढलं, हातात फिरवलं, ओढणीने पुसलं. "नुसती काढून द्या. धुणार, पुसणार मी. उन्हात ठेवणार मी. तुम्ही तिच्या जवळ यायचं नाही, मुरेपर्यंत."

"आणि मुरल्यावर?"

"बघू," ती म्हणाली.

मी चावी फिरवली. स्टिअरिंगला हात ओलसर चिकटत होते. तिने ते पाहिलं, समोरच्या खणातून कोरडं फडकं काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं.